पितळेची पाचर

३ जून

छोट्या,

आशीर्वाद. डोक्यावर हात ठेवायला तू समोर नाहीस, म्हणून कागदावरच ठेवते.

माझं मागचं पत्र चार ओळींचं होतं आणि त्याच्या आधीचं तीन, हे तू मोजून कळवलंस. मोजत बसण्याइतकी तब्येत सुधारली म्हणायची. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही. मी ओरडते आणि तुझ्याऐवजी सगळ्या इमारतीला माझ्या घरातलं कळतं. त्यापेक्षा कागद बरा.

काम असं आहे. खंड्याची ती विजेवरची गिटार, तूच जोडून दिलेली, किरकिर करायला लागली आहे. तार छेडली की सुराबरोबर बारीक खरखर येते, डब्यात माशी अडकल्यासारखी. खंड्याचं म्हणणं, मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे जो पांढरा तुकडा आहे ना, तो झिजलाय. इथल्या दुकानदाराला दाखवली. तो म्हणाला, हे धूड टाका आणि नवी घ्या. मला त्याचा राग आला. माझ्या भावाने हाताने जोडलेली वस्तू आहे ती. मी तिला धूड म्हणते ते वेगळं, मी घरची आहे.

तर तो तुकडा दुरुस्त होतो की बदलावा लागतो, ते कळव. खंड्या स्वतःच लिहिणार होता, पण त्याचा कंटाळा तुला माहीत आहे. बाकी त्याचं बरं चाललंय.

तुझी छाती कशी आहे? जिने चढू नकोस. तुझ्या दुकानाचा भाडेकरार संपला की सामान घेऊन इकडे यायचं ठरलंय, हे विसरू नकोस. मागची खोली मी रिकामी केली. खिडकीची फुटकी काच बदलून घेतली. थंडीच्या आत ये. आपण दोघंच उरलोय, दोन टोकांना बसून म्हातारं होण्यात काय शहाणपण आहे?

ताई


११ जून

ताई,

नमस्कार. पायावर डोकं ठेवतो असं लिहिणार होतो, पण डॉक्टरने वाकायला मनाई केली आहे.

एकदम पानभर पत्र आलं म्हणून मी आधी शेवट वाचला, काही वाईट बातमी नाही ना ते बघायला. खोलीची काच बदललीस हे वाचून बरं वाटलं आणि मग निवांत पहिल्या ओळीपासून वाचलं.

त्या पांढऱ्या तुकड्याला नट म्हणतात. नाटकातला नाही, आणि बोल्टावर बसतो तोही नाही. त्याला सहा खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक तार टेकते. खाच झिजून खोल गेली की तार खाली बसते, मानेवरच्या पहिल्याच धातूच्या पट्टीला घासते आणि किरकिरते. खंड्याचं निदान बरोबर असेल, शिष्य माझाच आहे. तरी तीन गोष्टी त्याला विचारून कळव. पहिल्या पट्टीपाशी तार बोटाने दाबून छेडली तर किरकिर थांबते का? थांबली तर दोष नटचाच, कारण दाबलेल्या तारेला नटचं काही काम उरत नाही. दुसरं, एकच तार बोलते की सगळ्या? आणि तिसरं, तो रोज किती वाजवतो? नट असा वर्ष-दोन वर्षांत झिजत नाही.

त्याला म्हणावं, मामाला दोन ओळी लिहायला हात झिजत नाही. डावखुऱ्याचं अक्षर कोंबडीच्या पायाचं असतं, ते मी चालवून घेईन. पहिल्यांदा गिटार हातात दिली तेव्हा तो उलटी धरायला लागला होता, आठवतं? मी म्हटलं, गाढवा, तुझी अक्कल डाव्या हातात आहे, ती मानेवर राहू दे, छेडायला उजवा पुरे. त्या हाताने मग काय पळापळ केली, तू पाहिलीच आहेस.

कारखान्यात रुळला का? गिटारवर पोट भरत नाही असं सांगून मीच त्याला तिकडे चिकटवला, त्याचा राग गेला की नाही? वर्ष झालं, पत्रा ठोकायच्या प्रेसवर हात बसला असेल आता. मी अठरा वर्षं तिथे काढली. कान तिथेच ठेवून आलो, पण दहाच्या दहा बोटं घेऊन बाहेर पडलो. त्यालाही तेवढं जमलं की झालं.

छोट्या (वय वर्षं अठ्ठावन्न)


२५ जून

छोट्या,

तुझ्या पत्राच्या उत्तराला उशीर झाला, कारण उत्तरं मलाच शोधावी लागली.

पहिल्या पट्टीपाशी तार दाबली की किरकिर थांबते. मी स्वतः दाबून पाहिलं. खंड्या समोर बसून सांगत होता, आई अजून वर, आई पट्टीवर नको, पट्टीच्या मागे. किती दाबावं लागतं रे ते. माझ्या बोटांच्या टोकांना तारेचे वळ पडले आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना झोंबत होते. तुम्ही लोक हे हौसेने करता याचं नवल वाटलं.

सहाही तारा बोलतात. जाड जास्त, बारीक कमी.

किती वाजवतो म्हणशील, तर सकाळी उठल्यापासून जेवायला हाक मारेपर्यंत. आणि दुपारी पुन्हा. गाणं म्हणावं तर गाणं नाही. एक तार छेडतो, ती वाजत असताना खुंटी पिळतो, सूर वर सरकतो, परत खाली आणतो. तेच ते, तेच ते. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा येऊन गेल्या. मी त्यांना म्हटलं, तुमची शिलाई मशीन आम्ही सहन करतो ना. त्या गेल्यावर मात्र मी आत जाऊन त्याच्यावरच ओरडले. त्याने गिटार खाली ठेवली आणि मी बाहेर पडताच पुन्हा उचलली.

उगाच लिहिण्यात अर्थ नाही, मी ती कुरिअरने पाठवते आहे. पेटी खंड्यानेच भरली. तूच काय ते बघ आणि लवकर परत पाठव. ती वाजते तेव्हा मला वैताग येतो, पण ती घरात नसली तर तो दिवसभर काय करेल, ते मला माहीत नाही.

ताई


१४ जुलै

ताई,

गिटार सोमवारी पोचली. पत्र आज लिहितोय, कारण मधले तीन दिवस मी तिच्याकडे नुसता बघत होतो.

मला कानाने कळत नाही ते मी दातांनी ऐकतो, हे तुला माहीत आहे. गिटारच्या डोक्यावर दात टेकवायचे आणि तार छेडायची, मग सूर जबड्यातून डोक्यात जातो. तू म्हणालीस तशीच खरखर आहे. पण मला जे कळलं ते डोळ्यांनी कळलं.

मानेवरच्या धातूच्या पट्ट्या काळपट पडल्या आहेत. वाजवणाऱ्याच्या पट्ट्या तारांखाली चकचकीत असतात. तारांच्या खालच्या अंगाला, मानेच्या मधोमध, धूळ बसली आहे. खुंट्यांची टोकं मात्र झिजून गुळगुळीत झाली आहेत. आणि नटच्या सहाही खाचा तळापर्यंत कापल्या गेल्या आहेत. एवढी खाच नुसत्या वाजवण्याने पडत नाही. तार खाचेत सारखी पुढेमागे सरकली तरच पडते, म्हणजे कोणी महिनोन्‌महिने दिवसभर खुंट्या पिळत असेल तर. दोन हात असलेला माणूस सूर बदलायला बोट सरकवतो, खुंटी पिळत नाही.

एवढे महिने या तारांना कोणी बोट लावलेलं नाही. लावलं ते तू, आणि तुझ्या बोटांना वळ पडले.

ताई, त्याच्या डाव्या हाताला काय झालंय?

पेटीच्या खिशात जुन्या तारांची वेटोळी होती, आणि थोडं किरकोळ सामान. ते माझ्याकडे राहू दे. उत्तर लगेच दे.

छोट्या


२९ जुलै

छोट्या,

मागच्या नोव्हेंबरात, सहा तारखेला. सकाळची पाळी होती. मी कपडे वाळत घालत होते, खाली कारखान्याची गाडी थांबली आणि तुझा तो सुपरवायझर दोस्त एकटाच उतरला. त्याला वर चढायला इतका वेळ लागला की मी काय ते समजले.

चार बोटं गेली. अंगठा आहे. अंगठ्याने तो गिटारची मान नुसती धरून ठेवतो.

तुला कळवलं नाही, कारण त्याच्या तीनच आठवडे आधी तुझी छाती उघडली होती. तुझ्या दोस्ताला मीच शपथ घातली की छोट्याला कळता कामा नये. नोकरी तू लावून दिलेली. तू स्वतःला खाल्लं असतंस. आज सांगते आहे ते तू ओळखलंसच म्हणून.

आता राहिलेलं ऐक, म्हणजे नोकरी लावल्याचा दोष तू डोक्यावर घेणार नाहीस. त्या प्रेसला दोन बटणं असतात, हे मी तुला काय सांगू. दोन्ही हात दोन बटणांवर असतील तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. खंड्याच्या मशीनवर डावं बटण पाचर मारून दाबून ठेवलेलं सापडलं. पितळेची पाचर, अंगठ्याएवढी. एक हात मोकळा ठेवून पत्रा भराभर सरकवायचा, तासाला चार नग जास्त निघतात म्हणे. चौकशी झाली. त्यांनी लिहून दिलं की कामगाराने स्वतःच सुरक्षेची सोय मोडली. विषय संपला. त्याचे बूट, डबा आणि ती पाचर एका पाकिटात घालून मला दिली. तुझ्या दोस्ताने ती हातात घेऊन खूप वेळ पाहिली आणि पाकिटात टाकली. मी घरी आल्यावर ती कचऱ्यात फेकली.

मी खंड्याला विचारलं, कुठून आणलीस? तो म्हणाला, मिळाली. कोणी दिली? कोणी नाही. शंभरदा विचारलं असेल. तो खोटं बोलतोय हे मला कळतं, माझ्या पोटचा आहे. मी त्याला एकटीने वाढवला, कोणापुढे हात पसरला नाही, आणि याने चार पत्र्यांसाठी स्वतःचा हात दिला. तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोललेली नाही. वाढते, कपडे धुते, शर्टाची बटणं लावून देते. बोलायला तोंड उघडलं की तेच बाहेर पडतं. परवा मी म्हटलं, तुझा मामा अठरा वर्षं त्याच मशीनवर होता, बघ त्याचे हात. तो इतकंच म्हणाला, हो, मामाचे हात चांगले आहेत.

तू इथे असतास तर त्याला नीट शिकवलं असतंस. तूच आता त्याला काहीतरी लिही. माझ्याच्याने होत नाही.

ताई


५ ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. आधी कामाचं लिहितो.

नट भरून काढता येत नाही, बदलावाच लागेल. जुना काढला. आधी कडेने पातळ सुरी फिरवायची, नाहीतर निघताना मानेचं पॉलिश सोलून येतं. मग लाकडाचा ठोकळा टेकवून एक हलका ठोका दिला आणि तो सुटला. प्लॅस्टिकचा होता, आतून पोकळ. बाजारात तयार मिळतात ते असलेच. नवा कशाचा करायचा ते बघतो आहे. खाचा पाडायला वेळ लागेल, कारण त्यात घाई चालत नाही. कमी घासलेलं पुन्हा घासता येतं, जास्त घासलेलं परत येत नाही.

खंड्यावर इतकं रागावू नकोस. तरुण वय आहे, सगळेच करतात, मशीनवर प्रत्येकाकडे अशी काहीतरी पाचर असतेच. त्याला बोलतं कर. जुन्या गोष्टी उकरून आता बोटं येणार नाहीत.

माझी तब्येत ठीक आहे. करार ऑक्टोबरअखेर संपतोय. खोलीचं तू लिहिलं होतंस, त्याबद्दल नंतर बोलू.

छोट्या


१२ ऑगस्ट

मामा,

उजव्या हाताने लिहितोय. हसू नकोस. एका ओळीला दहा मिनिटं लागतात म्हणून थोडक्यात लिहितो. आई बाजारात गेली आहे.

पेटीच्या खिशात ती आहे, तुला मिळाली असणार. आईने फेकली होती, मी कचऱ्यातून काढून घेतली. तिचा नट कर. पितळ चालतं ना, तूच सांगितलं होतंस की पितळेच्या नटने मोकळी, न दाबलेली तार जास्त खणखणीत बोलते. मला आता मोकळ्याच तारा आहेत. आणि मी खुंट्या पिळतो, प्लॅस्टिक टिकत नाही. उंच ठेव. दाबायचं नाहीच आहे, मग तार पट्टीच्या जितकी वर राहील तितकी साफ वाजेल.

तुझं आईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. बरं केलंस, सांगितलं नाहीस. सांगूही नकोस. तिला रागवायला मी आहे, तेवढं पुरे. मी तिचा मुलगा आहे, मला ती कुठे टाकणार? तुला टाकेल. मग तिला कोण उरलं? खोलीसाठी तिने पडदे शिवलेत.

मला तुझा राग येतो. रोज येत नाही.

खंड्या


२४ ऑगस्ट

ताई,

हे पत्र बसून वाच. खंड्याने मला लिहिलं होतं की सांगू नकोस. मी त्याचं ऐकणार होतो. खरं सांगायचं तर त्याने लिहायच्या आधीच मी न सांगायचं ठरवलं होतं. मागचं पत्र लिहिलं तेव्हा ती टेबलावर माझ्यासमोर होती आणि मी तुला पॉलिश कसं सुटतं ते समजावत होतो.

पाचर माझी आहे.

प्रेसवर लागलो त्या पहिल्या वर्षी मी ती नळाच्या मोडक्या तोटीतून कापून केली. एका टोकाला जाड, एका टोकाला पातळ, बटणाच्या फटीत अशी बसायची की हलायची नाही. सतरा वर्षं माझ्या खिशात होती. सुपरवायझरला माहीत होतं, तो तेव्हा माझ्याच शेजारच्या मशीनवर होता. म्हणून त्याने ती इतका वेळ पाहिली. आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. आमच्या रांगेतल्या एकाने माझी बघून तशीच लाकडाची केली होती. त्याची दोन बोटं गेली. मी त्याला दवाखान्यात भेटून आलो, आणि दुसऱ्या दिवशी माझी पाचर पुन्हा बटणात घातली. मला वाटायचं, लाकडाची होती म्हणून सटकली असेल, माझी पितळेची आहे. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

खंड्या कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे होतो. तू आत त्याचा डबा घासत होतीस. मी जिन्यात त्याच्या हातावर ती ठेवली. म्हटलं, मामाची आठवण आहे, जपून वापर. तो म्हणाला, हे कशाला, दोन बटणं आहेत ना? मी हसलो. म्हणालो, दोन बटणं साहेबांसाठी असतात. आणि तू डावखुरा आहेस, तुझा डावा मोकळा असला तर तुझी बरोबरी कोणी करणार नाही. ताई, डावा हात मीच सांगितला.

त्याने चौकशीत माझं नाव घेतलं नाही. तुझ्यासमोर घेतलं नाही. वर्ष होत आलं, तू त्याला टाकून बोलतेस आणि तो गप्प बसतो, तुझा भाऊ तुला राहावा म्हणून. मुलगा खोटं बोलतो हे तुला कळलं, पण भाऊ खोटं बोलतो हे कळलं नाही. तुझी चूक नाही. भाऊ जास्त सरावलेला आहे.

नट केला आहे. पाचरीचाच, त्याने मागितला तसा. जाड टोक कापलं, बाकीची घासून मानेच्या रुंदीला आणली. पितळ तापतं, हातात धरवत नाही, थांबत थांबत करावं लागलं. चार दिवस लागले. सहा खाचा दहाही बोटांनी कानस घट्ट धरून पाडल्या. उंच ठेवला आहे. दात टेकवून ऐकलं. इतका स्वच्छ सूर मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि मला तो ऐकवेना.

गिटार उद्याच्या कुरिअरने निघेल. मी स्वतः येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन. खंड्याला जवळ घे. माझं काय करायचं ते तू ठरव.

छोट्या


७ नोव्हेंबर

छोट्या,

गिटार ऑगस्टमध्येच मिळाली. तुझी मधली तीन पत्रंही मिळाली. ती फोडली नाहीत. आज हे लिहिते आहे ते काम आहे म्हणून.

ते पत्र वाचून मी खंड्याच्या खोलीत गेले. तो गिटार पुसत होता. मी म्हटलं, मामाने सांगितलं. तो म्हणाला, सांगू नको म्हटलं होतं मी त्याला. मग मी त्याच्याजवळ बसले. दहा महिने मी त्याला जे जे बोलले ते मला एकेक करून आठवायला लागलं, आणि त्यातलं एकही परत घेता येत नाही. तोच मला म्हणत होता, आई, असू दे. मी असू देणार नाही. तुझंही नाही आणि माझंही नाही.

काल वर्ष झालं.

किरकिर गेली. आवाज घरभर जातो. वरच्या बाई आता येत नाहीत, त्यांना कोणीतरी सगळं सांगितलेलं दिसतंय. पहिले काही आठवडे तो तसाच खुंट्या पिळत बसायचा. मग एका दुपारी मी त्याच्या डाव्या अंगाला बसले आणि म्हटलं, सांग कुठे दाबू. त्यानेच मागे सांगितलं होतं ना, पट्टीच्या मागे. आता रोज बसतो. तो उजव्या हाताने छेडतो, मी डाव्या हाताने दाबते. मला सूर कळत नाही. तो म्हणतो पुढे, मी पुढे सरकते. एक साधी चाल बसली आहे. चुकते मीच. माझ्या चार बोटांना घट्टे पडलेत आणि आता झोंबत नाही.

पण नट उंच आहे. तू त्याच्यासाठी उंच ठेवलास, दाबायला कोणी नव्हतं तेव्हा. आता दाबायला मी आहे आणि मला जड जातं. पहिल्या पट्टीपाशी तर बोट थरथरायला लागतं. खंड्या म्हणाला, खाचा थोड्या खोल कराव्या लागतील, मामाला बोलावू या का, खोली तशीच रिकामी आहे.

मी नको म्हटलं. त्या खोलीत खंड्याचं सामान हलवलं आहे. तिथे उजेड चांगला येतो.

तर त्या खाचांच्या बारीक कानशी पाठव. कोणत्या तारेला कोणती, कुठल्या बाजूला उतार द्यायचा, किती घासायचं आणि कुठे थांबायचं, सगळं नीट लिहून पाठव. जास्त घासलेलं परत येत नाही, ते मला माहीत आहे. तुझी पाचर मी घासेन.

कानशी पाठव. तू येऊ नकोस.

ताई